चॅप्लेन, गुरुजी की काउन्सेलर: मन जड झालंय, बोलायचं कोणाशी?

पोरं परदेशात असलेल्या घरांत चॅप्लेन हा शब्द हल्ली कानावर येतो, कारण अमेरिका-इंग्लंडच्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत असा माणूस नेमलेलाच असतो. पेशंटजवळ, नातेवाइकांजवळ बसायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, हवी असेल तर त्यांच्याच धर्माची प्रार्थना करायची आणि नको असेल तर नुसतं सोबत बसायचं, हे त्याचं काम. इंटरफेथ चॅप्लेन तर कुठल्याही धर्माच्या माणसाजवळ बसतो, देव न मानणाऱ्याजवळसुद्धा. तो तुम्हाला स्वतःच्या धर्मात ओढणार नाही, त्यांच्या व्यवसायाच्या नियमांतच ते बसत नाही. अमेरिकेत बोर्डाचं सर्टिफिकेट मिळवायला साधारण १६०० तासांचं ट्रेनिंग लागतं, त्यामुळे नुसता गोड बोलणारा माणूस असं समजू नका.

कोल्हापुरात मात्र पाटी लावून बसलेला चॅप्लेन सहज सापडत नाही. मग पर्याय दोन, ऑनलाइन बोलायचं नाहीतर कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह केअर टीमला, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करायला झटणाऱ्या टीमला विचारायचं. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज डॉक्टरांनी १९६७ ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांची काळजी घेणारी जागा, सुरू केली, त्या म्हणायच्या की पेशंटचं दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचंही असतं, आणि पॅलिएटिव्ह केअर त्याच विचारावर उभी आहे.

आता गुरुजी. पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला कावळा शिवत नाही आणि सगळं घर हवालदिल होतं, आईची काय इच्छा राहिली म्हणून, तेव्हा दर्भाचा कावळा करून गुरुजी जो धीर देतात तो दुसरं कोणी देऊ शकत नाही, त्याला कमी लेखू नका. पण "व्हेंटिलेटर काढायला मीच सही केली, माझं चुकलं का" हा प्रश्न विधीने सुटत नाही, तो पुन्हा पुन्हा बोलावा लागतो आणि समोरच्याने उत्तराची घाई न करता ऐकावा लागतो. शिवाय गुरुजी असोत, मौलाना असोत की फादर, ते सगळ्या भावकीला ओळखतात, त्यामुळे काही गोष्टी तोंडातून निघतच नाहीत. आणि घरात दोन धर्म असतील, एक बाजू दहावं म्हणते आणि दुसरी चाळिसावं, तर कोणाही एकाकडे गेलं की दुसरा दुखावतो, अशा घराला मी तरी सरळ चॅप्लेनच सुचवेन. आपल्याकडे अंबाबाईचं दर्शन घेऊन बाबूजमाल दर्ग्यात जाणारी माणसं आहेतच, त्यामुळे हे काही परकं वाटायचं कारण नाही, फक्त तिथं आपण देवाशी बोलतो आणि इथं समोर माणूस असतो.

काउन्सेलरही ऐकतो, पण त्याचा भर विचार, सवयी, नाती यांवर. देवावरचा राग किंवा मेल्यावर काय होतं ही भीती काही काउन्सेलर छान हाताळतात आणि काही विषयच बदलतात, म्हणून आधी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का बघा, औषध मात्र सायकियाट्रिस्टसारखा डॉक्टरच लिहून देतो.

एका बाबतीत तुलना करतच बसू नका. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलंय किंवा जीव नकोसा वाटतोय, तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असूनही कितीतरी घरांना तो माहीतच नाही याचं फार वाईट वाटतं.

ऑनलाइन चॅप्लेन घ्यायचाच तर माझ्या मते भाषा आधी बघा. आईबद्दलचं दुःख इंग्रजीत सांगताना अर्धं आतच राहतं, त्यामुळे मोठ्या डिग्रीचा पण मराठी न येणारा आणि कमी अनुभवाचा पण मराठीत ऐकणारा यांत मी दुसरा निवडेन. पहिल्याच फोनवर विचारा, ट्रेनिंग कुठं झालं, बोललेलं गुप्त राहणार का, फी किती, आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर डॉक्टरकडे पाठवता का. शेवटच्या प्रश्नाला जो "गरजच पडणार नाही" म्हणेल किंवा एखादी पूजा-तोडगा सुचवून पैसे सांगेल, त्याचा फोन तिथंच ठेवा.