आप्रवासी घाट, पोर्ट लुई : दगड थोडे, दप्तर मोठं

मॉरिशसला जाणारी आपली मंडळी समुद्र, गंगा तलाव आणि पोर्ट लुईच्या बाजारातली खरेदी आटोपून परततात. त्याच बाजारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बंदराच्या काठाला आप्रवासी घाट आहे, म्हणजे हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरत आणि नोंदले जात, तो ब्रिटिशांच्या काळातला डेपो. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात तो असलाच तर फोटोपुरता. प्रवेश फुकट, रविवारी बंद.

आधीच सांगतो, जागा लहान आहे. जेमतेम १६४० चौरस मीटर. आमच्या सौ. आत शिरल्या, इकडून तिकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अहो, एवढंच?" त्यांचं चुकलं नाही. दरवाजाचं बांधकाम, दवाखान्याचा भाग, सरदार (मजुरांचे मुकादम) आणि शिपायांच्या खोल्यांचे अवशेष, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या त्या प्रसिद्ध सोळा पायऱ्या. १८६५ साली डेपोचा जो पसारा होता, त्यातला निम्मासुद्धा आज शिल्लक नाही. मधूनच महामार्ग गेला आहे आणि गाड्यांचा आवाज सतत कानावर येतो. शांत स्मारक, हिरवळ, कारंजी अशी अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल.

मी मात्र रमलो, कारण माझी सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. ही वास्तू राहण्यासाठी नव्हती, माणसांची नोंद करण्यासाठी होती, हे पाहिलं की या दगडांचा अर्थ लागतो. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. करारावर मजूर आणून काम चालतं का, हे ब्रिटिशांनी इथे करून पाहिलं, आणि जमल्यावर तीच पद्धत जगभर नेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर उतरले. तो दिवस तिथे आजही सार्वजनिक सुट्टीचा आहे. पण या जागी डेपो सुरू झाला १८४९ मध्ये आणि उरलेलं बांधकाम १८६० च्या दशकातलं आहे. म्हणजे पहिल्या ३६ जणांना या भिंती दिसलेल्या नाहीत. १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं या व्यवस्थेतून गेली. कोणी इथल्याच मळ्यांवर, कोणी पुढे रियुनियन बेटावर, आफ्रिकेला, थेट कॅरिबियनपर्यंत.

उतरलेल्या माणसाची तपासणी व्हायची, नंबर मिळायचा, दोनेक दिवसांनी मळा ठरायचा. रजिस्टरात नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज. हे रकाने वाचताना मला आमच्या जुन्या कैफियती, म्हणजे दप्तरातल्या लेखी हकिकती, आठवल्या. लिहिणाऱ्या कारकुनाला ऐकू आलं तसं नाव, आणि पुढे सात पिढ्या तेच आडनाव.

मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत, आणि रत्नागिरीकडची बरीच माणसं त्यांत होती. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, तो त्यांचाच वंश. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, ती काही पर्यटकांसाठी नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकांनी तरी निव्वळ याच एका कारणासाठी अर्धा दिवस काढावा.

२००६ मध्ये युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा यादीत घेतला. शिल्पकलेसाठी किंवा वास्तुकलेसाठी नव्हे. इथे जे घडलं त्याच्या आठवणीसाठी. हा निकष मला पटतो. राजवाडा टिकवायला सगळेच तयार असतात. मजुरांची खोली, संडास, स्वयंपाकाची शेड टिकवायची म्हणजे आधी त्यांना काही किंमत आहे हे मान्य करावं लागतं. १९८७ पर्यंत लोक याला कुली घाटच म्हणत. त्या वर्षी तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि नाव बदललं.

शेजारच्या संग्रहालयात (२०१४ पासून) आधी जा, अवशेष मागाहून बघा. उलट केलंत तर आमच्या सौ.सारखं होतं. तिथून बाहेर आल्यावर त्या स्वतःहून परत पायऱ्यांपाशी गेल्या आणि चांगला वेळ उभ्या राहिल्या.

माझ्या मते या वारशाचा मोठा हिस्सा घाटावर नाहीच. मूळ रजिस्टरं आणि मजुरांचे फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिथले लोक आपल्या पणज्या-खापरपणज्याची नोंद तिथे शोधायला येतात. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) देण्याची घोषणा केली, तेव्हापासून तर ही नोंद म्हणजे निव्वळ इतिहास राहिलेली नाही, पुरावा झाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी मजूर पळून गेला तर ओळखता यावा म्हणून लिहिलेली खूण आज त्याच्या वंशजाच्या अर्जाला जोडली जाते!

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या महामार्गापायी कापला. लहान मुलं बरोबर असतील तर ती कंटाळतील. ज्येष्ठांनी टोपी आणि पाणी घ्यावं, अंगणात ऊन थेट डोक्यावर असतं. आणि ड्रायव्हर "दहा मिनिटांत उरकतं" म्हणाला, तर त्याला सरळ जेवायला पाठवून द्या.