हॉर्निमन सर्कलला जाताय? सब्यसाची की एर्मेस

फोर्टमध्ये अर्धा दिवस हाताशी आहे, जुन्या इमारती बघायला आवडतात, आणि त्यातल्या एखाद्या इमारतीत थाटलेलं फॅशनचं बडं दुकान आतून बघायचंय. खरेदी झाली तर झाली. असा बेत असेल तर हॉर्निमन सर्कलला दोन दारं आहेत. एक लग्नाच्या कपड्यांसाठी नावाजलेल्या सब्यसाचीचं, दुसरं पर्स आणि रेशमी रुमाल विकणाऱ्या पॅरिसच्या एर्मेसचं. दोन्हींमधलं अंतर पायी काही मिनिटांचं, पण आत जे बघायला मिळतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून ‘दोन्ही करून टाका’ असं मी सांगणार नाही. एकाच ठिकाणी रमायचं असेल तर माझं मत सब्यसाचीला. वस्तू हातात घेऊन निरखायची हौस असेल, तर मात्र एर्मेस. आणि तुमचा सगळा जीव इमारतीतच अडकलेला असेल, तर या दोन्हींपेक्षा बाहेरच्या कमानींखाली जास्त वेळ काढा. तिथे दरवानही नाही आणि किमतीची चिठ्ठीही नाही.

आधी जागेविषयी. इथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं मोकळं मैदान होतं. कापसाचे गठ्ठे इथे पडलेले असत, आणि टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमत. १८६०च्या दशकात इथे गोलाकार इमारती उठल्या, मधली बाग १८७२मध्ये पुरी झाली आणि नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते बेंजामिन हॉर्निमन यांचं झालं. हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक, जालियनवाला बागेच्या बातम्या बाहेर आणणारे; सरकारने १९१९मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं होतं. लाखाची पर्स विकणाऱ्या दुकानाच्या पत्त्यात अशा माणसाचं नाव यावं, ही मुंबईची खास गंमत.

आता सब्यसाची. सब्यसाची मुखर्जींनी १९९९मध्ये कोलकात्यात काम सुरू केलं. २०२१मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला, आणि एप्रिल २०२३मध्ये हे दुकान उघडलं. इमारत १९१३ची, नवअभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाच्या धाटणीची. पूर्वी इथे ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट होती. चार मजले, २५,८६२ चौरस फूट. उघडताना जाहीर केलेली यादी अशी: १०० झुंबरं, २७५ गालिचे, ३,००० पुस्तकं, १५० कलाकृती. वाचताना अतिशयोक्ती वाटते. आत गेल्यावर वाटतं, यादीत बरंच काही राहून गेलंय.

कारण इथे रिकामी भिंत म्हणून सापडत नाही. चौकटीला चौकट भिडलेली, एका गालिच्याची कड दुसऱ्याच्या अंगावर चढलेली, आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी लेहेंगे, शेरवान्या, साड्या, दागिने, पिशव्या. काही पिढ्या वस्तू जमवत राहिलेल्या बंगाली जमीनदाराच्या वाड्यात पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटावं, असाच घाट घातलाय आणि तो जमलाही आहे. मला हे आवडतं. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला दहा मिनिटांत गुदमरायला झालं, आणि तिचंही अगदीच चुकलं नाही. या सजावटीखाली बँक दिसेनाशी होते. जुनी इमारत शोधायची तर मान वर करा: छताची उंची आणि खिडक्यांचा आकार बघा. पैसे मोजणाऱ्यांच्या जागेला असा ऐसपैसपणा का दिला असेल, ते कळतं. त्या काळी बँकेची इमारत हीच तिची जाहिरात होती. पैसे सुरक्षित आहेत हे गिऱ्हाइकाला दगडातून पटवायचं असे. आज त्याच दगडावर लग्नाची खरेदी पेलली जातेय.

कपड्यांकडे बघताना एक करा. भरतकाम समोरून सगळेच बघतात. एखादा नग विचारून उलटा करून बघा. जरदोजीचं खरं काम मागच्या बाजूला कळतं: टाके किती दाट आहेत, धागा कुठे अडकवलाय, आत अस्तर कसं बसवलंय. किमती लाखांत का जातात, याचं थोडं उत्तर तिथे मिळतं. बाकीचं उत्तर नावात आहे, हेही उघडच आहे.

एर्मेसची गोष्ट वेगळी. हे दुकान २०११पासून इथे आहे. हॉर्निमन सर्कलला बडे ब्रँड येऊ लागण्याच्या सुरुवातीच्या काळातलं. त्याआधी एर्मेस भारतात पंचतारांकित हॉटेलांच्या पोटात असायचं, मुंबईत ते पहिल्यांदा रस्त्यावर आलं. कंपनी १८३७ची, पॅरिसची, मूळ धंदा घोड्यांच्या सामानाचा. आतली मांडणी सब्यसाचीच्या पार उलटी: मोजक्या वस्तू, भरपूर मोकळी जागा, फिकट रंग. दुकान आटोपशीर आहे, बघून लवकर होतं. ज्यांना इमारतीचं ‘आतून दर्शन’ हवंय त्यांची इथे थोडी निराशा होईल. आतला भाग पॅरिसमधल्या कुठल्याही शाखेत शोभेल असा आहे. पण बाहेरचा दर्शनी भाग मात्र त्यांनी जपलाय, आणि कमानींच्या रांगेत दुकान नीट मिसळून गेलंय. काचेच्या खिडक्यांतली सजावट ऋतूप्रमाणे बदलते. नुसती ती बघायलाही पाय थबकतात, आणि त्यासाठी आत जावं लागत नाही.

आत गेलातच तर पर्सच्या मागे लागू नका. ज्या पर्सचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे ती, बर्किन, मांडून ठेवलेली नसतेच. रेशमी रुमाल बघायला मागा: ९० सेंटिमीटरचा चौकोन, १९३७पासून निघतोय. काउंटरवर उलगडला की आधी रंगांकडे नजर जाते, जाऊ द्या. मग कड बोटांनी चाचपा. ती हाताने वळून शिवलेली असते, आणि वळण कापडाच्या उजव्या बाजूला घेतलेलं असतं, त्यामुळे कड किंचित फुगीर लागते. आपल्या साडीला पिको करून आणल्यावर ती कशी चपटी, सरळसोट लागते ते आठवा. फरक लगेच बोटांना कळेल. या एका कडेसाठी मी एर्मेसला गुण देते. शिवाय साडी नेसणाऱ्यांना ठाऊक असलेली बरी अशी गोष्ट: २०११मध्ये याच कंपनीने भारतासाठी मोजक्या साड्याही काढल्या होत्या.

मराठी घरातून निघताना खरा प्रश्न मात्र इमारतीचा नसतोच. ‘आपल्याला आत सोडतील का?’ हा असतो. सोडतात. दरवान दार उघडतो, आत कुणीतरी विचारतं, ‘काय दाखवू?’, आणि तिथेच बरेच जण गोंधळून उगाच एखाद्या वस्तूची चौकशी करतात. सरळ सांगा, ‘दुकान बघायला आलोय, दहा-पंधरा मिनिटं बघू का?’ सब्यसाचीत हे म्हणणं सोपं जातं, कारण बघायला येणाऱ्यांची त्यांना सवय आहे आणि गर्दीत विरघळायला जागाही आहे. एर्मेसमध्ये दुकान लहान, माणसं कमी, त्यामुळे नजर तुमच्यावर राहते. भिडस्त स्वभाव असेल तर हा फरक निर्णय करताना जमेस धरा. फोटोंसाठी दोन्हीकडे आधी विचारा. लग्नाची खरी खरेदी असेल तर सब्यसाचीत वेळ ठरवून जा आणि सोबत आत्या, मावशी, काकू असा ताफा नेऊ नका; दोघं-तिघं पुरेत. पोरंटोरं बरोबर असतील तर दोन्ही दुकानं विसरा, बागेत जा.

तिसरा पर्याय म्हणून अजूनही कुणीतरी फ्लोरा फाउंटनजवळच्या इस्माईल बिल्डिंगमधल्या झाराचं नाव सांगेल. २०१७मध्ये ते उघडलं तेव्हा मध्यमवर्गाला परवडणाऱ्या कपड्यांसाठी अशा इमारतीत शिरता येणं ही मोठीच गोष्ट होती. कॉलेजची पोरं शंभरेक वर्षांच्या इमारतीत जीन्स घालून बघत होती. ते फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झालं. जागा डिझायनर कपडे विकणाऱ्या पर्पल स्टाइल लॅब्स या कंपनीने पाच वर्षांसाठी घेतली, एकूण भाडं २०६ कोटी. म्हणजे तिथेही आता डिझायनर कपड्यांचीच पाळी. हळहळ वाटते ती याचीच: या भागातल्या सुंदर इमारती एकेक करून अशा दुकानांकडे चालल्या आहेत जिथे बहुतेकांना फक्त बघता येईल. दुसऱ्या बाजूने बघायचं तर रिकाम्या पडलेल्या, पिंपळ उगवलेल्या इमारतीही याच फोर्टमध्ये आहेत, आणि डागडुजीचा खर्च कुणीतरी उचलायलाच हवा. मुंबईने वारसा इमारतींसाठी १९९५मध्ये नियम केले, देशात सगळ्यात आधी. दर्शनी भाग टिकतो तो बराचसा त्यामुळे. भाडेकरू बदलतो, कमान राहते.

जायचं कसं: मेट्रो ३चं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात जवळ. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून रमतगमत आलात तरी वीस मिनिटांच्या आत पोचाल. दुपार धरा, पण जेवणाची सुट्टी टाळा. त्या वेळी कमानींखाली ऑफिसांची गर्दी असते. रविवारी फोर्ट ओस पडतो, इमारती बघायला तो दिवस उत्तम, पण निघण्याआधी दुकान उघडं आहे का, एक फोन करून विचारा. कमानींखालून चालताना माथ्यावरच्या दगडांत कोरलेले चेहरे बघायला विसरू नका. मग एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे त्या जुन्या टाउन हॉलच्या, तीस पायऱ्या चढून वरून सगळं वर्तुळ एका नजरेत घ्या.

भूक लागलीच तर एल्फिन्स्टन बिल्डिंगमधलं स्टारबक्स आहे, २०१२मध्ये उघडलेलं, भारतातलं पहिलं. इमारतीसाठी आत जायला हरकत नाही. पोट भरायचं असेल तर जिमी बॉयमध्ये लगननू भोणू, म्हणजे पारशी लग्नातलं जेवण, मागवा, नाहीतर महेश लंच होममध्ये मासे. मी बहुधा मासेच खाते.