अल्पवयात खून, चाळिशीत सुनावणी: कॅलिफोर्नियाच्या पॅरोल मंडळाचं परीक्षण

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. घरात लग्न किंवा मयत असली की कैदी काही दिवस बाहेर येतो आणि मुदत संपली की परत आत जातो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे अटींवरची सुटका. परत जायचं नसतं, अट मोडली तरच आत टाकतात. त्यामुळे 'अल्पवयात खून केलेल्याला पॅरोल द्यावा का' हा तिथला प्रश्न 'त्याला कधीतरी सोडावं का' असा वाचायचा.

मतं यावर सगळ्यांकडेच असतात. इथे बघायची आहे ती हे काम प्रत्यक्ष करणारी व्यवस्था, म्हणजे कॅलिफोर्नियात २०१४ पासून चालू असलेली तरुण गुन्हेगारांची पॅरोल सुनावणी. सरकारी सेवा म्हणून ती कोणाला मिळते, कशी चालते आणि कुठे अडते, एवढंच.

मागचा कायदा थोडक्यात असा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अठराखालच्यांची फाशी बंद केली. २०१२ मध्ये 'मिलर' खटल्यात सांगितलं की पॅरोलविना जन्मठेप अल्पवयीनांना सरसकट लावता येणार नाही, न्यायाधीशाने वय बघितलंच पाहिजे. २०१६ मध्ये 'मॉन्टगोमेरी' खटल्यात हे जुन्या कैद्यांनाही लागू झालं. २०२१ मध्ये 'जोन्स' खटल्यात गाडी थोडी मागे आली: हा मुलगा सुधारण्यापलीकडचा आहे असा वेगळा निष्कर्ष न्यायाधीशाने नोंदवायची गरज नाही, असं ठरलं. म्हणजे पॅरोलविना जन्मठेप अजूनही देता येते. निम्म्याहून जास्त राज्यांनी मात्र ती अल्पवयीनांसाठी आपापल्या कायद्याने बंद केली आहे, आणि कॅलिफोर्निया त्यांत आहे.

पात्रतेचं गणित सोपं आहे. ठरावीक वर्षांची शिक्षा असेल तर तुरुंगातल्या १५व्या वर्षी सुनावणी, '२५ वर्षं ते जन्मठेप' (किमान २५ वर्षं आत, पुढे पॅरोल मिळेपर्यंत) याहून कमी असलेल्या जन्मठेपेला २०व्या वर्षी, आणि '२५ वर्षं ते जन्मठेप' किंवा त्याहून जास्त असेल तर २५व्या वर्षी. गुन्ह्याच्या वेळच्या वयाची मर्यादा सुरुवातीला अठराखालची होती, २०१६ मध्ये तेवीसखाली गेली आणि २०१८ पासून पंचवीस किंवा कमी अशी झाली. अल्पवयात पॅरोलविना जन्मठेप झालेल्यांनाही २०१८ पासून २५व्या वर्षी दार उघडतं.

यातली खोच बघा. पॅरोलविना जन्मठेप झालेला मुलगा गुन्ह्याच्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असेल तर त्याला सुनावणी आहे. तोच गुन्हा, तीच शिक्षा, पण अठरावा वाढदिवस आदल्या दिवशी झालेला असेल तर नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते म्हणून बाकीच्यांसाठी मर्यादा वाढवली, या गटासाठी तेवढी ती अठरावरच ठेवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये 'हार्डिन' खटल्यात हा भेद कायम ठेवला. कायदेमंडळाला तो अधिकार आहे हे मान्य, पण तर्क काही पटत नाही.

आता सुनावणी. पॅनेलवर साधारण दोघं असतात, एक आयुक्त आणि एक उपायुक्त. कैद्याला वकील नेमता आला नाही तर सरकारी मिळतो. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारायचं की मध्यवर्ती फाइल, म्हणजे कैद्याची तुरुंगातली सगळी कागदपत्रं, वाचली का, कारण पॅनेलने ती वाचलेली असते. सुनावणीआधी मंडळाचा मानसशास्त्रज्ञ मुलाखत घेऊन अहवाल देतो आणि धोका कमी, मध्यम की जास्त ते लिहितो. या अहवालातली चूक भयंकर चिवट. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोलीस कागदातलं एक चुकीचं वाक्य आधीच्या अहवालात शिरलेलं असतं आणि पुढचे सगळे अहवाल तेच उचलतात. दुरुस्ती सुनावणीच्या खोलीत मागून उपयोग नाही, वकिलाने आधीच लेखी हरकत घ्यायला हवी.

पॅनेलने ठरवायचं असतं ते एकच: हा माणूस आज समाजाला धोका आहे का. गुन्हा किती क्रूर होता एवढ्यावर नकार टिकत नाही, हे राज्याच्या न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय तरुण गुन्हेगार असेल तर तीन गोष्टींना 'मोठं वजन' द्यावं असं कायदा सांगतो: अल्पवयीनाची दोषक्षमता, म्हणजे गुन्ह्यासाठी त्याला किती दोषी धरायचं ते प्रमाण, प्रौढापेक्षा कमी असते, त्या वयाची म्हणून काही लक्षणं असतात, आणि त्यानंतर माणूस वाढलाय का.

कागदावर उत्तम. पण वजन टाकायला तराजूत काहीतरी असावं लागतं. मुलगा सोळाव्या वर्षी कसा होता, घरात मारहाण होती का, शाळेत कुठल्या वर्गापर्यंत पोचला, याचे पुरावे पंचवीस वर्षांनी शोधायला निघालात तर शाळेने दप्तर रद्दीत काढलेलं असतं आणि ज्या आजीने वाढवलं ती गेलेली असते. म्हणून २०१६ च्या 'फ्रँकलिन' निकालानंतर शिक्षेच्या वेळीच असा पुरावा नोंदवून ठेवायची सोय झाली, आणि ज्यांची शिक्षा आधीच कायम झाली होती त्यांनाही २०१९ पासून त्यासाठी अर्ज करता येतो. शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, शिक्षकांचे आणि नातेवाइकांचे जबाब, सगळं तिथेच घालायचं. या सेवेतला सर्वांत कामाचा भाग हाच, आणि दुर्लक्षही सर्वांत जास्त याच्याकडे.

खरी अडचण 'इनसाइट' या शब्दात आहे. आपण जे केलं ते का केलं, हे कैद्याला कळलंय का? कायदा म्हणतो की पॅरोलसाठी गुन्ह्याची कबुली मागता येणार नाही. मात्र समज नाही म्हणून धोका आहे, असं पॅनेल म्हणू शकतं. मग कैदी उत्तरं तयार करतो. 'मी बापाच्या रागातून वागलो' हे वाक्य गटचर्चेत शिकलेलं आहे की आतून आलेलं, हे दोन-तीन तासांत ओळखायचं असतं. जो बोलका आहे, वाचतो-लिहितो, तो यातून सहज निघतो. जो सोळाव्या वर्षी अर्धवट शिक्षण घेऊन आत आला आणि ज्याला भावनांचे शब्दच कधी मिळाले नाहीत, तो अडखळतो, आणि अडखळणं नोंदीत 'समज अपुरी' होऊन बसतं. माणूस किती बदललाय हे मोजायचं होतं, मोजली जाते त्याची भाषा. आमचा या सेवेवरचा मुख्य आक्षेप हा.

पाठिंब्याच्या पत्रांचंही तसंच. भाराभर पत्रं लागत नाहीत. तारीख, सही, राहायला जागा नक्की कुठे, काम काय, व्यसन असेल तर बाहेर कुठल्या गटात जाणार, एवढं हवं. सर्वांत नुकसान करतं ते प्रेमाने लिहिलेलं पत्र: 'आमच्या मुलाने हे केलंच नाही.' कैदी आत जबाबदारी घेतोय आणि घरचे नाकारताहेत, म्हणजे पॅनेलला प्रश्न आयताच मिळाला. अलीकडची शिस्तभंगाची नोंद त्याहून महाग पडते. कोठडीत मोबाइल सापडणं बाहेरच्याला किरकोळ वाटेल, पण नियम पाळण्याची सवयच तर तिथे तपासतात.

नकार मिळाला तर पुढची सुनावणी ३, ५, ७, १० किंवा १५ वर्षांनी. हे आकडे २००८ च्या सार्वमतातून आलेत. परिस्थिती बदलली असेल तर तारीख अलीकडे आणायचा अर्ज करता येतो. होकार मिळाला तरी सामान बांधायचं नाही. मंडळ १२० दिवसांपर्यंत निर्णय तपासतं, आणि खुनाच्या प्रकरणात त्यानंतर ३० दिवस राज्यपालांचे असतात. ते निर्णय फिरवू शकतात. हा अधिकार त्यांना १९८८ मध्ये मिळाला. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाच्या हाती हे शेवटचं कुलूप असावं का? आमच्या मते नसावं.

बळीच्या कुटुंबाला ही सेवा कशी वाटते? नोंदणी केली असेल तर किमान ९० दिवस आधी सूचना येते, सुनावणीत बोलता येतं, प्रतिनिधी पाठवता येतो, आणि कैदी त्यांना प्रश्न विचारू शकत नाही. नोंदणी नसेल तर सूचनेची खात्री नाही, आणि ही गोष्ट शिक्षेच्या दिवशी दुःखात असलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. वर तीन वर्षांचा नकार ऐकून घरी गेलेल्या आईला, तारीख अलीकडे आली असं पत्र वर्ष-दीड वर्षात येऊ शकतं. कैद्याची बाजू न दुखावता हे सुधारता येईल.

दुसरीकडे काय आहे? इलिनॉयने २०१९ मध्ये एकविशीखालच्यांसाठी पॅरोल परत आणला, खुनाला २० वर्षांनंतर, पण फक्त त्या वर्षीच्या १ जूनपासून पुढे शिक्षा झालेल्यांना. जुने कैदी तसेच राहिले. लुइझियानात हेन्री मॉन्टगोमेरी, ज्याच्या नावाने २०१६ चा निकाल ओळखला जातो, त्याने १९६३ मध्ये सतराव्या वर्षी खून केला होता. खटला जिंकूनही त्याला २०१८ आणि २०१९ मध्ये नकार मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुटला तेव्हा ७५ वर्षांचा होता. त्या मानाने कॅलिफोर्निया बरंच पुढे.

म्हणून पाचांत साडेतीन. सोळा वर्षांचा मुलगा एकेचाळिसाव्या वर्षी कसा असेल हे खटल्याच्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे पुढे कधीतरी कोणीतरी बघायला हवंच, आणि बघणं म्हणजे सोडणं नव्हे: बहुतेक सुनावण्या सुटकेत संपत नाहीत. दीड गुण कापला तो भाषेच्या मोजपट्टीसाठी आणि त्या एका दिवसाच्या भेदासाठी.

स्वतः तपासायचं असेल तर सुनावणीचा शब्दशः वृत्तान्त ३० दिवसांत सार्वजनिक होतो, कोणीही मागवू शकतं. पॅनेल निर्णय वाचून दाखवतं ती शेवटची पानं काढा आणि 'मोठं वजन' दिलं असं म्हटल्यानंतर त्या मुलाबद्दल नेमकं काय सांगितलंय ते बघा. कधी दोन पानं असतात, कधी एकच ओळ.