नववीनंतरची सुट्टी: तलाव, मल्लखांब, टेकडी, मोडी की आंब्याचा गाळा?

नववीचा शेवटचा पेपर देऊन पोर घरी येतं, दप्तर कोपऱ्यात भिरकावतं आणि पाचव्या मिनिटाला मोबाइल हातात. तिथपासून पुण्यातल्या घराघरांत एकच वाद: याला आता घालायचं कुठे? त्यात दहावीच्या क्लासची व्हेकेशन बॅच एप्रिलमध्येच सुरू होते, म्हणजे मोकळी उरते ती सकाळ आणि संध्याकाळ. भाच्यापायी हा वाद मी दोन उन्हाळे घातला आहे, म्हणून मावशीच्या अधिकारात लिहिते.

पहिली चाळणी माझी ठरलेली: आईबाबांनी गाडीने सोडायचं आणि आणायचं असेल, तर ते बाद. चौदाव्या वर्षी सायकलने किंवा पीएमपीच्या बसने एकट्याने जाऊन येणं हाच निम्मा कार्यक्रम असतो. ‘सात दिवसांत सात कला’ छापाची शिबिरं इथेच गळतात. लहानांना ती ठीक आहेत. चौदाच्या पोराला कागदी मुखवटा रंगवायला बसवलं की तो जे तोंड करतो, त्याला मुखवट्याची गरज नसते. कोडिंगच्या महागड्या क्लासबद्दल एवढंच, की स्क्रीनवरून उठवण्यासाठी स्क्रीनसमोर बसवायचं, हे गणित मला जमलं नाही.

पोहायला येत नसेल, तर बाकी चर्चा थांबवा आणि तलावावर नाव घाला. दर उन्हाळ्यात खडकवासल्याच्या पाण्यात मुलं बुडाल्याची बातमी येतेच, आणि मित्रांबरोबर गेलेलं पोर काठावर बसून राहील या भ्रमात राहू नका. पण तलावाचा मे महिना भयंकर असतो. भाच्याच्या बॅचला पाऊण तास होता. त्यातली दहा मिनिटं रांगेत आणि शॉवरखाली जायची. शिकवणारे एक, शिकणारी तीसेक. पहिले पाच दिवस तो कडेचा दांडा धरून नुसते पाय मारत होता. पाण्यात तोंड घालून तरंगायला लागला तो आठव्या दिवशी, तेही शेजारच्या मुलाचं बघून. म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, शक्यतो सकाळी सहाची बॅच धरा. महिन्यात काम होतं. दुसरा महिना म्हणजे नुसतं डुंबणं. त्यालाही माझी ना नाही, उकडतं किती!

पोहता येत असेल, तर माझं मत मल्लखांबाला. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला हा खेळ पुण्यात अजून रोज घामाने भिजतो. १९२४ पासूनचं महाराष्ट्रीय मंडळ हे त्यातलं जुनं नाव. पोहण्यापेक्षा इथे लाज जास्त वाटते, हे आधी सांगून ठेवते. नऊ वर्षांची चिमुरडी सरसर वर चढते आणि आपला मिसरूड फुटलेला वीर खांबाला मिठी मारून घसरत खाली येतो. पहिली शिकायची ती साधी अढी, म्हणजे पायांनी खांब धरायचा. मांड्या लाल होतात, कपड्यांना एरंडेलाचा वास लागतो आणि आई कुरकुरते. चौथ्या-पाचव्या दिवशी बरीच मुलं सोडतात, तेवढा आठवडा ढकला. वजन जास्त असलेल्या मुलाला वेळ लागेल, पण तलावासारखा हा खेळ मेअखेर संपत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही संध्याकाळी जाता येतं.

टेकडी की गड? मे महिन्यात टेकडी. सिंहगड १३०० मीटरच्या वर. आतकरवाडीच्या वाटेने उजाडायच्या आत चढायला लागलात तर मजा, नाहीतर नऊनंतरचा कातळ अंगातलं पाणी काढतो. मडक्यातलं दही आणि करवंदं यांसाठी एखाद्या रविवारी जरूर जा, पण तो उन्हाळाभराचा उद्योग नव्हे. वेताळ टेकडी घराजवळची, फुकटची आणि रोजची. खाली रस्त्यांवर बहावा पिवळाधम्मक झालेला असतो, आणि मे संपता संपता झुडपांखालच्या पाचोळ्यात नवरंग उतरतो. आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पक्षी मात्र पंधरा मिनिटं दिसत नाही. पंधरा मिनिटं एका जागी गप्प बसलेला मुलगा मी तिथेच पाहिला.

डोक्याचं खाद्य हवं असेल, तर आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि मोडी ही जुनी मराठी लिपी यांची तुलना करून बघा. आयुकात शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळतं. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. सोन्यासारखी संधी, पण नाव शाळेमार्फत जातं आणि जागा मोजक्या. म्हणून मोडी. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात तिचे वर्ग भरतात. वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये ज्या मंडळाचा पाया घातला, तेच हे. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाही. शुद्धलेखनात कायम मार खाणाऱ्या माझ्या भाच्याला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता! दोन आठवड्यांनी त्याने वहीच्या मागच्या पानावर मित्राबद्दल काहीतरी लिहिलं, जे घरात कोणालाच वाचता आलं नाही. त्या वयाला यापेक्षा मोठं आमिष कोणतं?

उरला आंब्याचा गाळा. ओळखीच्या किंवा नात्यातल्या कोणी हंगामी गाळा टाकला असेल, तर संध्याकाळचे दोन तास. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावता येतो, बाहेर नोकरी करता येत नाही. चौदाच्या पुढे धोक्याचं काम सोडून चालतं. इथेही अढीच! गवतात रचलेला हापूस रोज वरखाली करायचा, एक डागाळलेला निघाला की लगेच बाजूला. पाडाचा आंबा देठाशी दाबून नव्हे, हुंगून ओळखायचा, हे भाचा तिसऱ्या दिवशी शिकला. कर्नाटकचा माल कोकणचा म्हणून खपवणाऱ्या शेजारच्या गाळ्याशी भांडायचं नसतं, हे शिकायला मात्र आठवडा लागला.

एकदम तीन गोष्टींत घालू नका. क्लासशिवाय दिवसाला दोन पुरे. पोहता येत नसेल तर तलाव आणि मोडी, येत असेल तर मल्लखांब आणि गाळा. टेकडी कशातही बसते. यंदा भाचीची पाळी आहे. तिने माझी सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि मल्लखांबात मुलींसाठी दोरीवरचा असतो का, एवढंच विचारलं. असतो, आणि खांबापेक्षा जास्त काचतो, असं मी तिला सांगितलं आहे.