जुना रॉक: एलपीवर की स्ट्रीमिंगवर?

जुन्या रॉकचं वेड लागलं की हा वाद आज ना उद्या होतोच. एलपीच्या (मोठ्या विनाइल रेकॉर्डच्या) ‘उबदार’ आवाजावरून भांडणाऱ्यांना मी सोडून देतो; साध्या स्पीकरवर तो फरक फारसा कळत नाही. माझ्या मते खरी मजा हातात येणाऱ्या वस्तूत आहे.

रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या (१९७१) कव्हरवर खरीखुरी, उघडता येणारी चेन होती. गठ्ठ्यात ती रेकॉर्डला इजा करायची, तो भाग वेगळा! त्याच अल्बमसोबत आलेली बँडची खूण, ती लाल जीभ, आता टीशर्टांवर भेटते, बऱ्याचदा बँडचं एकही गाणं न ऐकलेल्यांच्या छातीवर. चालायचंच. त्याच वर्षी लेड झेपलिनने चौथ्या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव छापलं, ना अल्बमचं. ॲपमध्ये ही खोडी चालतच नाही, तिथे चित्राखाली नाव येतंच. आणि बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) ब्रिटिश प्रतीत रेकॉर्डच्या शेवटच्या, गोल बंद खाचेत निरर्थक बडबड भरलेली होती. साध्या प्लेअरवर सुई उचलेपर्यंत ती फिरत राहायची. स्ट्रीमिंगवर ती काही सेकंदांत आटोपते.

खर्चात मात्र ॲपच सरस. एका नव्या आयात एलपीच्या पैशांत कित्येक महिन्यांची वर्गणी निघते. शिवाय पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मी फोनवरच ऐकतो. एलपीवर ऐन रंगात बाजू पालटायला उठावं लागतं. इथे तो सलग वाहतो. शफल बंद केलेलं असेल तर.