फ्लामेंको ट्रेमोलो: आठ महिन्यांच्या रियाजानंतर

फ्लामेंको म्हणजे स्पेनमधली गिटारवादनाची शैली. तिच्यातल्या ट्रेमोलोला जूनमध्ये हात घातला, आता फेब्रुवारी. रोज ४० मिनिटं, वडगावातल्या घरी, शिकवणारं कुणी नाही. शेजारी यंत्रमाग दिवसभर खडखडतात, त्यामुळे ठरल्या लयीत ठोके देणारा मेट्रोनोम हेडफोन लावूनच ऐकावा लागतो. गिटार साधी, नायलॉन तारांची क्लासिकल.

गिटारची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, सनईसारखा टिकत नाही. ट्रेमोलोत तोच सूर बोटांनी इतक्या भराभर छेडायचा की तो अखंड वाटावा. क्लासिकलमध्ये एका फेरीत चार आघात: अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. फ्लामेंकोत पाच: अंगठा, तर्जनी, अनामिका, मधलं, पुन्हा तर्जनी. म्हणजे तर्जनीला दोनदा यायचं असतं, आणि सगळं अडतं ते तिथंच.

पहिले तीन महिने माझे वेग वाढवण्यात गेले. मोबाईलवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगानं ऐकलं, तेव्हा कळलं की अंगठ्यानंतरची तर्जनी उशिरा येत होती आणि शेवटची घाईनं. मेट्रोनोमला बरोबर धरूनही चाल लंगडीच.

हे सोडवलं मामांनी. शहापूरच्या भजनात ते तबला वाजवतात, फ्लामेंको त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "अगं, हा तर अर्धा झपताल की! तोंडानं म्हण बघू आधी." झपताल दहा मात्रांचा, त्याचा पहिला अर्धा: धी ना, धी धी ना. बोटं जुळवून बघा: अंगठा धी, तर्जनी ना, अनामिका धी, मधलं धी, तर्जनी ना. दोन्ही 'ना' तर्जनीचे! दोन फेऱ्यांत एक आवर्तन होतं, आणि दुसऱ्या फेरीचा अंगठा 'ती'वर पडतो. त्या दिवसापासून मी बोल म्हणत वाजवते. महिन्याभरात लंगडणं बरंच गेलं. माझ्यासाठी कुठल्याही व्हिडिओपेक्षा हे मोठं ठरलं.

मेट्रोनोमच्या एका ठोक्याला एक फेरी धरून ४० वर सुरुवात केली होती, आज ७२ वर स्वच्छ वाजतं, म्हणजे सेकंदाला सहा आघात. ८० वर अनामिका दबते. त्यासाठी मुद्दाम अनामिकेवर जोर देऊन सावकाश वाजवते.

नखांची काळजी मात्र घ्यावीच लागते. बोटाच्या टोकापुढं जेमतेम दीड मिलिमीटर, कडा बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत. खरबरीत नख तारेत अडकतं आणि लय तिथंच तुटते. भांडी घासताना मी उजव्या हातात रबरी मोजा घालते.

आमच्याकडचा पावसाळा लाकडाला सोसत नाही. ऑगस्टमध्ये गिटारची वरची फळी फुगून तारा उंच झाल्या, दाबायला जड गेल्या. आता वाजवून झाली की गिटार लगेच केसमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या. नवीन घेणार असाल तर स्टीलच्या तारांची घेऊ नका. तिच्यावर तारा एकमेकींना फार जवळ असतात, बोटांना जागाच उरत नाही. मला दुकानात आधी तीच दाखवली होती.

सध्या दुसऱ्या तारेवर अडकलेय. पहिली तार कडेची, तिथं बोट मोकळं असतं. दुसरीवर दोन्ही बाजूंना शेजारीण, अनामिका जराशी जास्त वळली की पहिली तार वाजते. परत ४० पासून सुरू केलंय, तोंडानं बोल म्हणत.