सॅम ह्यूस्टन पाहायचाय? १९५६ चा की २००४ चा?

एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती सॅम ह्यूस्टन पाहायचाय, तर माझ्या मते खरी निवड दोनच सिनेमांत आहे. बायरन हॅस्किनचा ‘द फर्स्ट टेक्सन’ (१९५६) आणि जॉन ली हॅनकॉकचा ‘द अलामो’ (२००४). जॉन वेनचा १९६० चा ‘द अलामो’ जास्त गाजलेला, पण त्यात ह्यूस्टन जवळपास पाहुणा कलाकार. १९३९ चा ‘मॅन ऑफ कॉन्क्वेस्ट’ कृष्णधवल चरित्रपटांची हौस असेल तरच लावा.

‘फर्स्ट टेक्सन’ सगळा जोएल मॅक्रीवर उभा आहे. टेनेसीचं गव्हर्नरपद आणि मोडलेला संसार मागे टाकून हा माणूस मेक्सिकोच्या ताब्यातल्या टेक्सासमध्ये येतो. वकिली करावी, राजकारणाच्या वाटेला जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात. बंडवाले मागे लागतात, हा अंग काढून घेतो. शेवटी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला त्यात पडावं लागतं. मॅक्री आवाज न चढवता ‘नाही’ म्हणतो आणि ते पटतं. दुसरा कुणी असता तर हा नकार निव्वळ नखरा वाटला असता. सिनेमास्कोप, रंगीत, जेमतेम ८२ मिनिटं. प्रेमप्रकरण मात्र ओढूनताणून आणलंय. कॅथरिन आली की युद्धाला सुट्टी.

आता इतिहासाचं काय? खरा ह्यूस्टन इतका विरक्त नव्हता. १८३२ च्या डिसेंबरात तो टेक्सासमध्ये आला आणि १८३३ च्या सॅन फेलिपेच्या वसाहतवाल्यांच्या परिषदेत प्रतिनिधी म्हणून बसलासुद्धा. त्याची खरी टाळाटाळ नेतृत्वाची नव्हती, लढाईची होती. ६ मार्च १८३६ ला बंडवाल्यांचा अलामो हा किल्ला मेक्सिकन फौजेच्या हाती पडल्यावर तो महिनाभराहून अधिक काळ फौज घेऊन पूर्वेकडे मागे सरकत राहिला. वसाहतीतली कुटुंबं घरदार टाकून पळत होती, सैनिक त्याला तोंडावर भित्रा म्हणत होते, टेक्सासचे हंगामी अध्यक्ष बर्नेट यांनी तर शत्रू तुम्हाला हसतोय असं पत्रच पाठवलं. मग २१ एप्रिलला सॅन हसिंटोला, दुपारी विसावलेल्या मेक्सिकन छावणीवर हल्ला. १८ मिनिटांत निकाल. सहाशेहून अधिक मेक्सिकन ठार, टेक्सासचे नऊ. ह्यूस्टनच्या घोट्यात गोळी, आणि मेक्सिकन सेनापती सांता आना दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत सापडला.

ही माघार २००४ च्या सिनेमाला जास्त कळलीय. डेनिस क्वेडचा ह्यूस्टन चिडका, दारुडा, कुणालाच बेत न सांगणारा. आवडत नाही, पण खरा वाटतो. अडचण एवढीच की १३७ मिनिटांतला बराच काळ तो पडद्याबाहेर असतो. तिथे बिली बॉब थॉर्न्टनचा क्रॉकेट, अलामोत लढणाऱ्यांपैकी एक, भाव खाऊन जातो. मेक्सिकन बँड वाजत असताना तो तटावर चढून त्याच सुरांत फिडल मिसळतो, त्या एकट्या प्रसंगासाठीसुद्धा तिकीट वसूल.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती आणि स्वतंत्र टेक्सासच्या घटनेने ती पक्की केली. २००४ च्या सिनेमात अलामोचे दोन म्होरके ट्रॅव्हिस आणि बोवी यांच्या ‘जो’ आणि ‘सॅम’ नावाच्या गुलामांचं आपसात बोलणं आहे: मालकाची कामं करू, पण त्याच्यासाठी मरायचं कशाला? दृश्य छोटं, पण सगळ्या ‘स्वातंत्र्या’कडे तिरक्या नजरेने पाहायला लावणारं. १९५६ च्या सिनेमाकडून ही अपेक्षा ठेवू नका.

घरच्या वडीलधाऱ्यांसोबत जेवणानंतर काहीतरी नेटकं, सरळ पाहायचं असेल तर मॅक्री. माझं मत मात्र २००४ ला. फक्त अलामो पडला म्हणजे सिनेमा संपला असं समजून टीव्ही बंद करू नका. ह्यूस्टनचं खरं काम त्यानंतरच्या भागात आहे.